चाचांची डबी

उभ्या आर्णीत निरोप घ्यायला आमच्या शूटिंगवाल्या चाचांइतका वेळ कोणालाच लागत नसेल. चहा संपला की ते टोपी उचलत, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे बघत आणि "येऊ का मग?" असं विचारत. तेवढ्यात म्हातारं माणूस काही बोलायला लागलं की टोपी पुन्हा मांडीवर. माझ्या आजोबांना एकदा नेमक्या त्याच वेळी आपली दुखणी सांगायची लहर आली. चाचा गुडघ्यापासून मानेपर्यंतचं सगळं ऐकून मगच उठले, आणि तिकडे एका नवरीची हळद त्यांच्यासाठी खोळंबली होती. माणूस बोलत असताना उठू नये, एवढाच त्यांचा कायदा. मी शाळामास्तर, माझं बोलणं चालू असताना पळणारीच पोरं मी जन्मभर पाहिली, त्यामुळे मला या गुणाचं फार कौतुक होतं.

लग्नात पुरुषांकडचं शूटिंग चाचा करत आणि बायकांकडचं चाची. चाचींचं तोंड मात्र कॅमेऱ्यापेक्षा जास्त चाले. नवरीचा पदर सारखा करायला सांगणं, रडणाऱ्या आत्याला दम देणं, जेवणाची चौकशी, सगळं त्या कॅमेरा डोळ्याला लावूनच करत. घरी येऊन चाचा हे सगळं कापून टाकत. पिक्चर बघणाऱ्याला शूटिंगवाला दिसू नये आणि ऐकूही येऊ नये, हा त्यांचा दुसरा कायदा. चाचींच्या बोलण्यावर सनई चढवायची आणि कच्चं शूटिंग पुसून त्या जागेवर पुढचं लग्न भरायचं. चाची हसून म्हणत, "इतनी शादियां खींची, पर मेरी आवाज किसी में नहीं." चाचांना ती आपल्या कामाची तारीफ वाटे.

ही लग्नं ज्या हार्ड डिस्कमध्ये भरत तिला चाचा डबी म्हणत. एकदा घाईत त्यांनी डबीची वायर तशीच ओढली आणि केळापूरचं एक अख्खं लग्न आत मेलं. चाचा लाजेनं अर्धे झाले, पण मंडळी भली. मांडव पुन्हा बांधला, नवरा-नवरीनं पुन्हा हार घातले. पंचाईत एकच, नवऱ्यानं मधल्या काळात मिशी काढलेली. चाचींनी काजळानं ती परत काढून दिली, आणि अक्षता पडेपर्यंत घामानं ती अर्धी ओठावर उतरली. तेव्हापासून कॉम्प्युटरनं 'आता काढू शकता' असं स्वतःहून म्हटल्याशिवाय चाचांनी डबीला हात लावला नाही.

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. लग्नं व्हायची, पण चार माणसांत उरकायची, आणि खर्चातून पहिला नंबर कटायचा तो शूटिंगचा. त्यातच चाची साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. पुसदला मोबाइलचं दुकान टाकलेला मुलगा चाचांना बोलवू लागला. आर्णीतलं शूटिंगचं दुकान आवरायचं ठरलं. कॉम्प्युटर मेहुण्याकडे जाणार होता, डबी चाचांसोबत. त्या डबीत आमच्या ताईच्या लग्नाचं कच्चं शूटिंग तेवढं शिल्लक होतं, कारण मावशी जेवतानाचा सीन का कापला म्हणून आमच्या आईनं भांडण काढलं होतं आणि चाचांनी ते पुसायचं थांबवलं होतं. चाचींचा आवाज आता जगात तेवढ्यात उरला होता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कॉम्प्युटरनं स्वतःला अपडेट करून घेतलं. त्यानंतर डबी काही निघेना. विचारलं की एकच उत्तर: वस्तू वापरात आहे, नंतर प्रयत्न करा. शेजारचा गाडी मेकॅनिक म्हणाला, ओढा. कॅफेवाला म्हणाला, एकदा बंद करून चालू करा, आपोआप सुटते. पण अपडेटच्या वेळी पडद्यावर 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं आलं होतं, आणि आता बंद केला तर चालते, असं त्यानं अजून कुठं सांगितलंय, हा चाचांचा बिनतोड सवाल. लोडशेडिंगमध्ये ते इन्व्हर्टरवर मशीन चालू ठेवत आणि घरातला पंखा बंद ठेवत. पुसदहून टेम्पो आला तो रिकामा परत गेला. मुलगा फोनवर चिडू लागला.

मी गेलो तर चाचा उघड्याबंब अंगानं पडद्यासमोर बसलेले. मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण खालच्या पट्टीवर काहीतरी उघडं आहे एवढं दिसलं. दाबलं तर ताईचं लग्न. थांबवून ठेवलेलं.

"चाचा, हेच तर अडकवून राह्यलं डबीले. बंद काहून नाही करत?"

चाचा खाली बघत म्हणाले, "अपडेटनंतर आवाज हाय का गेला म्हून उघडून पाह्यलं, मास्तर. तुमची चाची बोलून राह्यली होती. मधातच बंद कशी करू? आन् पुरं ऐकाची हिंमत नाही."

मी दुसरी खुर्ची ओढून घेतली. मग म्हटलं, मी बसतो सोबत, संपेपर्यंत ऐकू. त्यांनी आतून सदरा आणून घातला, टोपी घातली आणि बटण दाबलं. मांडवाच्या गलक्यातून चाची बोलू लागल्या. "ताई, वर पाहा. रडू नका वं माय, काजळ उतरते. हं, आता हसा." मध्येच चाचांना, "अजी, बाजू हटो, तुम्हारा साया आ रहा." चाचा बसल्या जागी खुर्चीसकट बाजूला सरकले. मग चाचींनी कुणाला तरी जेवून घ्यायला सांगितलं आणि शूटिंग संपलं.

चाचांनी पडद्याकडे बघत हलकेच विचारलं, "येऊ का मग?" आणि पडद्यावरची खिडकी बंद केली. 'आता काढू शकता' असं आलं. डबी त्यांनी रुमालात बांधली.

निघताना म्हणाले, ताईच्या पिक्चरमध्ये चाचीचा आवाज परत टाकून पाठवतो. पुसदला गेल्यावर ते राहून गेलं. मग चाचाही राहिले नाहीत, आणि डबीचं काय झालं ते मुलाला सांगता आलं नाही. आमच्याकडचा पिक्चर अगदी स्वच्छ आहे. सनई वाजते, ताई डोळे पुसते, वर बघते आणि एकदम हसते. ताईची पोरं विचारतात, आई कोणाकडे बघून हसली? ताई दरवेळी चाचींचं नाव सांगते, पोरं कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, इथे तर कोणीच बोलत नाही.