मालिका अर्ध्यात बंद झाली तेव्हा

अंतराळात हरवलेल्या यानाची ती कार्टून मालिका मी अमरावतीत आणि धाकटी बहीण अकोल्याच्या होस्टेलवर, फोनवर बोलत एकाच वेळी पाहायचो. एका सकाळी ती अर्ध्यातच बंद झाल्याचं कळलं. चाहत्यांच्या ग्रुपवर कोणी चिडलं, कोणी रडलं. बहिणीने मला एवढंच लिहिलं, "ताई, आता मले कशाचीच वाट पाहाची नाही." मग तिचा फोन लागेना.

मी अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर आलं तरी फोन बंदच. मी तिचा तोच मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होते.

खोलीत ती वहीत लिहीत बसली होती.

"फोन कावून बंद ठेवला वं?" मी ओरडले.

"पुढची गोष्ट मीच लिहून राहिली ना!"

ती वाचून दाखवू लागली. कितीतरी वेळ मला एकही शब्द ऐकू आला नाही.