दादाचा गुडघा, आईचे गुडघे

आमचा दादा गुडघा बदलायला अमेरिकेहून आला, तेव्हा नोएडात ती काचेची इस्पितळं नुकतीच उगवायला लागली होती. तिकडे म्हणे विम्याची कुठलीशी अट आडवी आली. एवढा गडगंज देश, आणि त्याला आमच्या दादाचा एक गुडघा परवडेना! इथे मात्र तिकडच्या एका गुडघ्याच्या खर्चात गुडघा, विमानाचं तिकीट आणि आग्र्याची सहल, सगळं बसत होतं.

सोमवारी दाखवलं, गुरुवारी नवा गुडघा बसलासुद्धा. खोलीत फळांची परडी, खिडकीबाहेर कारंजं. डॉक्टर दोनदा येऊन हवापाण्याच्या गप्पा मारून जायचे.

आईचे तर दोन्ही गुडघे कामातून गेले होते. पण ती पडली माझ्या सरकारी नोकरीच्या आरोग्य-कार्डावरची. तिचा अर्ज डिस्पेन्सरीतून मोठ्या इस्पितळात, तिथून परवानगीसाठी ऑफिसात, आणि एक्स-रे जुना झाला म्हणून पुन्हा डिस्पेन्सरीत, असा आठ महिने हिंडत होता. आईपेक्षा तोच जास्त चालत होता.

दादाने विचारलं नाही असं नाही. पलंगावर पडल्यापडल्या म्हणाला, "आईचंही इथेच उरकून टाकू या का? मी भरतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. आणि माझी मिजास बघा, मी मान ताठ करून म्हणाले, "कशाला? आपलं कार्ड आहे ना."

आम्हा सरकारी क्वार्टरवाल्यांत कार्ड असताना बाहेर पैसे भरणं म्हणजे हातचा हक्क सोडणं. आईनेही लगेच मान डोलावली. दादाने पुन्हा विचारलं नाही.

पुढे महिनाभर तो दिल्लीत सरोजिनी नगरात, आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहिला. आई भिंतीला धरधरून त्याला सूप नेऊन द्यायची, त्याचे व्यायाम मोजायची. जाताना तो जिना टकाटक उतरला. आई वरूनच हात हलवत राहिली.

मग दर रविवारी त्याचा फोन. रोज तीन मैल चालतो म्हणायचा. "तूही चालत जा गं आई, बसून राहिलीस तर गुडघे धरतील."

मला त्याचा असा संताप यायचा! खरं तर यायला हवा होता माझाच. अर्ज अजून फिरतच होता.

"हो रे, जाते की," आई म्हणायची. जिना ती शेवटची उतरली होती, ती दादाचा नवा गुडघा बघायला.