कडेला काढलेल्या चपला

देवरेबाई चिखलात शिरण्याआधी चपला काढायच्या, देवळात शिरावं तशा. इंदिरानगरच्या मागे एक पाणथळ माळ होता. भाद्रपदातल्या सकाळी तिथे धुकं कुठे संपतं आणि जांभळा रंग कुठे सुरू होतो, कळायचं नाही. तो रंग सीतेची आसवं नावाच्या रानफुलांचा. मिरीएवढं फूल, केसासारखा देठ. शहराजवळ ती तेवढ्याच तुकड्यात उरली होती.

नव्वदच्या दशकात मी झोळीत पत्रकं घेऊन फिरायचे. बाई शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्याच भेटीत माझ्यावर ओरडल्या, "बूट काढ आधी! पायले बी डोया ऱ्हातस." पायांनाही डोळे असतात, असं त्यांचं म्हणणं; माहेर सटाण्याचं, राग आला की अहिराणी यायची. थंड, मऊ चिखलात अनवाणी पाय टेकवला आणि पुढचं पाऊल आपोआप जपून पडलं.

त्या माळावर मुरूम टाकून प्लॉट पाडायचं ठरलं. मी पेटून पत्रक लिहिलं. बाईंनी ते चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"उद्गारचिन्हं फार झाली गं. फूल दचकेल."

"बाई, ट्रक येतायत आणि तुम्हाला थट्टा सुचतेय?"

"आण ना मोर्चा. पण चपला कडेला."

आम्ही वीस-तीस जणांनी रस्त्याच्या कडेला चपलांची रांग लावली आणि आत उकिडवे बसलो. मीही घोषणांचा कागद झोळीतच ठेवला. मुरमाचा ट्रक आला आणि रांगेपाशी थबकला. ड्रायव्हर उतरला, त्यानं टायरच्या तळाच्या आपल्या चपला काढल्या, हात जोडले.

"कुठला देव हे इथं?"

मी तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "ये भाऊ. वाकावं लागेल."

तो वाकला. बराच वेळ तसाच राहिला.

"येवढंच?"

"एवढंच."

"लय बारीक हे," तो पुटपुटला, आणि भरलेला ट्रक तसाच परत घेऊन गेला.

पुढे अर्धा माळ गेलाच. दुसरे ट्रक आले, त्यांतून कुणी उतरलं नाही. प्लॉट पाडणाऱ्यांना खाली बघायची गरजच काय? माझं डोकं आजही तापतं. बाई म्हणायच्या, "उरलंय ना? मग चल तिथं." दर भाद्रपदात आम्ही जायचो.

बाई वारल्या, त्या वर्षी मी एकटीच गेले. कडेला टायरच्या तळाच्या चपला आधीच काढलेल्या होत्या. धुक्यात कुणीतरी वाकलेलं.

"बाई नाय आल्या?" त्यानं मान न वळवता विचारलं.

मी माझ्या चपला काढून त्याच्या चपलांशेजारी ठेवल्या.