रत्नाक्का आणि जड स्कॅनर

ऐकू येणं पूर्ण थांबल्यावरही रत्नाक्का रोज संध्याकाळी एक रेकॉर्ड ऐकत. कसबा बावड्यात त्या आमच्या शेजारी राहायच्या. रेकॉर्डचं कव्हर मांडीवर घ्यायचं, पुढच्या चित्राकडे बघत बसायचं आणि रेकॉर्डची एक बाजू वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यानं ते उलटायचं. चित्र समोर असलं की गाणं आठवतं, असं त्या सांगत. "कव्हर न्हाय तर मला कायबी ऐकू येत न्हाय."

कव्हरांना ओल आली, कसर लागली, तेव्हा ती सगळी स्कॅन करून ठेवायचं त्यांनी ठरवलं. एक कव्हर पदरात गुंडाळून त्या स्कॅनर विकत घ्यायला दुकानात गेल्या. मी सोबत होतो. सगळ्यात मोठ्या स्कॅनरची काचही कव्हराला बोटभर अपुरी पडली. दुकानदारानं मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, 'अक्का, कडेचं बोटभर गेलं तर कुणाला कळतंय?'

"मला कळतंय की. तुझ्या लग्नाच्या फोटोतलं टाळकं बोटभर कापू काय?"

मग त्यानं कव्हर दोनदा ठेवून दोन्ही चित्रं जोडून दाखवली. स्कॅनर नवा, पातळ होता. अक्कांनी चष्मा पुसून स्क्रीन बघितली. वर्षानुवर्षं आत असलेल्या रेकॉर्डचं गोल कव्हरावर उठून आलं होतं. त्याच्याभोवतीचा भाग काचेला टेकत नव्हता, त्यामुळे तिथलं सगळं पुसट आलं होतं. दुकानदारानं लिहिलं, 'तो गोल डागच काढून टाकतो.'

"डाग न्हवं ते, पावणं. रेकॉर्ड आत बसलीया. ती दिसाय पाहिजे."

शेवटी माळ्यावरचा जुन्या पद्धतीचा स्कॅनर खाली आला. काचेपासून उचललेला भागही त्यात स्वच्छ उतरला. 'लई जड हाय, कुणी नेत न्हाय,' दुकानदारानं प्रामाणिकपणे लिहिलं.

"मला काय तो डोक्यावर घेऊन जोतिबाला जायाचंय?"

तो घरी आणून प्रत्येक कव्हराच्या दोन्ही बाजू अक्कांनी स्वतः दोन-दोनदा ठेवून स्कॅन केल्या आणि जोडल्या. जोड कुठे आहे ते शोधूनही सापडत नसे.

पुढे त्या अंथरुणाला खिळल्या. हातात कव्हर धरवेना. संध्याकाळी मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवू लागलो. अखेरच्या दिवसांत एकदा मी चित्र जरा लवकर बदललं. अक्कांनी हात वर केला.

"थांब की. अजून बाजू संपली न्हाय."

मी पहिलं चित्र परत आणलं आणि बसून राहिलो.