कंट्रोलर आणि माजी मालक

नागपूरच्या बसस्थानकावर पस्तीस वर्षं "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं म्हणून धम्मानंद निवृत्त झाला, पण त्याच्या तोंडातली गाडी काही आगारात परत गेली नाही. उत्तर नागपुरातली त्याची वस्ती त्याला कंट्रोलर म्हणते. बायको पुष्पलता एरवी रोशनीचे बाबा म्हणते, चिडली की तीही कंट्रोलर म्हणते. दर रविवारी 'जागृती स्पोर्टिंग'चा फुटबॉलचा सामना असला की मैदानाच्या कडेला बांबूवर भोंगा बांधायचा, टेबल मांडायचं आणि माईकवरून सामन्याचं वर्णन करायचं, हे त्याचं काम. या कामावर त्याला कोणी नेमलं हे आता कोणाला आठवत नाही, आणि काढण्याची हिंमत कोणी केलेली नाही. नोकरी संपल्यापासून धम्मानंद आठवड्याचे सहा दिवस नुसता रविवारची वाट पाहतो.

वर्णन करायची त्याची तऱ्हा वेगळी. नागपूरहून चारी दिशांना ज्या गावांच्या गाड्या सुटतात, ती गावं त्यानं मैदानाच्या चार बाजूंना वाटून दिली होती. मैदानाचा उत्तरेकडचा गोल म्हणजे सावनेर आणि दक्षिणेकडचा उमरेड. चेंडू पश्चिमेच्या रेषेबाहेर गेला तर "काटोलमार्गे बाहेर", पूर्वेला गेला तर "भंडाऱ्याकडे रवाना". बचाव ढिला पडला की तो शांतपणे सांगायचा, "सावनेरचा फलाट रिकामा आहे, कोणीही यावे." पाहुण्या संघांचं डोकं फिरायचं. वस्तीतली पोरं मात्र डावं-उजवं शिकायच्या आधी काटोल-भंडारा शिकली.

या भोंग्याचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे क्लबचे माजी मालक ईश्वरदासजी. मूळचे उमरेडच्या विणकराच्या घरातले. वडील मागावर बसले, हे साड्यांच्या दुकानात गादीवर बसले आणि पुढं धरमपेठेत घर बांधून मोठे झाले. पंधरा वर्षांपूर्वी जागृती बंद पडायला आली होती, तेव्हा त्यांनी क्लब हाती घेतला. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच वर्षी त्यांनी वस्तीच्या जिवाभावाच्या निळ्या जर्सीला खालून लाल करवती काठ लावून दिला, साडीला असतो तसा. दुसऱ्या क्लबचे लोक ओरडायचे, "पदर सांभाळा गा, पदर." जागृतीच्या पोरांनी त्या वर्षी अर्धे गोल केवळ रागानं केले.

पण त्याच माणसानं सरावानंतर अंडी आणि केळी सुरू केली. बूट दिले, गोलाला नवी जाळी बांधली, दोन कप आणले, मुलींचा संघ काढला. आणि एवढं करून एक दिवस चंदनला कामठीच्या क्लबात देऊन टाकलं. चंदन म्हणजे वस्तीचा डावा पाय. तो गेला आणि पुढची चार वर्षं कामठीवाल्यांसाठी जागृतीवरच गोल करत राहिला. हे काही कोणी माफ करणार नव्हतं. धम्मानंदनं भोंग्यावरून "ईश्वरदास हटाव" सुरू केलं, अख्खं मैदान त्याच्यामागे ओरडलं, आणि सहा वर्षांपूर्वी ईश्वरदासजी खरंच क्लब सोडून गेले. त्या दिवशी फटाके फुटले. धम्मानंदनं माईकवरून सगळ्यांकडून शपथ घेतली की जो कोणी या माणसाच्या दारात पाय ठेवील, त्याचा या मैदानाशी संबंध संपला.

पुढच्या रविवारी सराव झाला आणि पोरं अंड्यांची वाट पाहत बसली.

तेव्हापासून वस्तीचं मन काही एका जागी थांबलेलं नाही. चहाच्या टपरीवर कोणी म्हणतो, "भैताड माणूस होता बापा," की दुसरा लगेच म्हणतो, "होता, पण अंडी देत होता." ज्या जाळीला टेकून लोक त्यांना शिव्या घालतात, ती जाळीही त्यांचीच. दोन्ही कप क्लबाच्या कपाटात आहेत आणि त्यांचा फोटो कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून. तो फेकून का देत नाहीत, असं कोणी विचारलं तर सचिव चंद्रभान म्हणतो, "काच चांगली आहे."

तर अशा या माणसाची सही आणायची पाळी धम्मानंदवरच आली.

त्याची मुलगी रोशनी मुलींच्या संघात गोलकीपर होती, राज्यापर्यंत खेळली होती. आता पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी तिनं अर्ज केला होता. कार्यालयात सांगितलं की ती ज्या वर्षांत खेळली, त्या वर्षांतल्या क्लबाच्या अध्यक्षाची सही असलेलं पत्र हवं, आणि तेही शुक्रवारच्या आत. आत्ताच्या सचिवाचं चालणार नव्हतं. त्या वर्षांतले अध्यक्ष म्हणजे ईश्वरदासजी.

"नऊ वर्षं त्या माणसाले भोंग्यावर भाजून खाल्लं तुमी," पुष्पलता म्हणाली. "आता कोणत्या तोंडानं जाता?"

"याच तोंडानं. दुसरं कुठून आणू वं?"

"बाबा, फक्त सही घेऊन या," रोशनी म्हणाली. "जास्त बोलू नका."

"मी काहून बोलीन?" धम्मानंद म्हणाला, आणि मायलेकी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

त्याला खरी धास्ती निराळी होती. शपथ त्यानंच घातली होती. चंद्रभानला कळलं तर माईक जाणार, आणि माईक गेल्यावर आपल्याला कोण विचारतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण पोरीच्या नोकरीपुढे माईकची काय कथा, असं स्वतःला बजावून गुरुवारी भर दुपारी, वस्ती झोपलेली असताना, तोंडाला दुपट्टा गुंडाळून तो निघाला. रस्ताभर त्यानं माफीचं वाक्य घोकलं. अडचण एवढीच होती की पस्तीस वर्षांत त्याच्या तोंडात माफीचं एकच वाक्य बसलं होतं, आणि कितीही जुळवाजुळव केली तरी शेवटी "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हेच बाहेर येई.

दार ईश्वरदासजींनी स्वतःच उघडलं. बहात्तरीचा वाळलेला माणूस, अंगात बनियन, हातात टीव्हीचा रिमोट. मुलं दुकानात, सुना आपापल्या कामात. एवढ्या मोठ्या घरात ते एकटेच होते.

"जय भीम, कंट्रोलर," ते म्हणाले. "या, बसा. तो दुपट्टा काढा, गरमी होऊन राहिली असंल."

धम्मानंदनं दुपट्टा काढला, दिलगिरीचं वाक्य गिळलं आणि कागद पुढे केला. त्याची तयारी होती. ते ओरडले तर ऐकून घ्यायचं, हाकललं तर पायरीवर बसून राहायचं. पण ईश्वरदासजींनी चष्मा लावला, पत्र अक्षरन् अक्षर वाचलं आणि सही ठोकली. वरून शिक्काही शोधून मारला.

"पोट्टी चांगली आहे तुमची. भंडाऱ्याकडची झेप एकदम मस्त. काटोलकडं जरा कच्ची होती. सुधारली काय?"

धम्मानंदला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुमी... भंडारा-काटोल म्हणता?"

"मग काय म्हणू? फुटबॉल मी तुमच्याच भोंग्यावरून शिकलो ना गा." त्यांनी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीची ताटली पुढे सरकवली. "दुकानात सगळे 'हो जी, हो जी'. घरी पोरं 'हो बाबा' म्हणतात अन् आपल्या मनाचं करतात. खरं सांगणारा मले त्या मैदानावर एकच माणूस भेटला. तुमी म्हणाले, जाळी फाटली, गोल झाला का मासोळी निसटली कळत नाई. मी जाळी आणली. तुमी म्हणाले, पोट्टे उपाशी धावून राहिले. मी अंडी सुरू केली. तुमच्या शिव्यांतून शिव्या काढल्या का खाली काम उरत होतं."

धम्मानंदनं वडी तोंडात घातली होती, ती तशीच राहिली. इतकी वर्षं आपण या माणसाला सोलून काढतो आहोत, असं त्याला वाटत होतं, आणि हा माणूस त्यातून कामाची यादी काढत होता. त्याला बरंही वाटलं आणि थोडा अपमानही झाला.

"मग चंदनले काहून सोडलं?" त्यानं विचारलं. रोशनीनं बोलू नका म्हणून सांगितलं होतं, पण हे विचारल्याशिवाय तो उठला असता तर तो धम्मानंद कसला?

ईश्वरदासजींनी त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"तुमीच तर सांगितलं."

"मी?"

"कामठीवाल्यांसोबत फायनल होती. चंदननं पेनल्टी बाहेर मारली. तुमी भोंग्यावर म्हणाले," आणि ईश्वरदासजींनी घसा साफ करून हुबेहूब त्याच्या आवाजात म्हटलं, "'चंदनसाहेबांसाठी सूचना. कामठीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. पायाला गंज चढलेल्या प्रवाशांनी तातडीने जागा धरावी. पुढील गाडी नाही.' सगळं मैदान टाळ्या पिटून राहिलं होतं. मी म्हटलं, एवढ्या लोकायची इच्छा आहे, तर बसवून देऊ."

धम्मानंदला आठवलं. आठवू नये म्हणून त्यानं बराच प्रयत्न केला, पण वाक्य त्याचंच होतं, फलाटाच्या नंबरासकट. रागात बोलला होता आणि अर्ध्या तासात विसरला होता.

"अन् पोट्ट्यायच्या खेळाले वैतागून तुमी एकदा म्हणाले, यायच्यापेक्षा आमची रोशनी बरी खेळते," ईश्वरदासजी सांगत होते. "मी म्हटलं, पाहू तर खरं. म्हणून पोरींची टीम काढली." मग त्यांनी वडीची ताटली आणखी पुढे सरकवली. "तुमी हटाव म्हणाले, तर हटलो बी. कंट्रोलर, रविवारी येऊ काय मी? मागं बसतो. कोणाले दिसणार नाई."

"मैदान काय माह्या बापाचं आहे?" धम्मानंद म्हणाला. "या."

शुक्रवारी पत्र दाखल झालं. कार्यालयानं ते घेतलं, पोच दिली, रोशनीनं बापाला मिठी मारली. म्हणजे धम्मानंदचं काम फत्ते झालं होतं, आणि गप्प राहिलं असतं तर पुढेही काही बिघडलं नसतं. पण शनिवारी रात्री तो अर्धी भाकर ताटात ठेवून उठला. त्याला लाज वाटत होती, सरळ सरळ लाज. वर्षानुवर्षं एका माणसाला त्यानं अशा गुन्ह्याबद्दल फासावर चढवलं होतं, जो गुन्हा त्यानं स्वतः टाळ्या घेऊन केला होता.

रविवारी मैदान भरलं. ईश्वरदासजी टोपी कानापर्यंत ओढून भंडाऱ्याच्या बाजूला शेवटच्या पायरीवर येऊन बसले. पाचव्या मिनिटाला कोणीतरी ओळखलं, आणि दहाव्या मिनिटाला सगळं मैदान चेंडू सोडून त्यांच्याकडे पाहत ओरडू लागलं, "आमचा चंदन कुठं आहे? आमचा चंदन कुठं आहे?" म्हातारा मान खाली घालून बसला होता. चंद्रभान धावत टेबलाशी आला आणि म्हणाला, "कंट्रोलर, घ्या त्याले भोंग्यावर. सहा वर्षांनी सापडला."

धम्मानंदनं माईक उचलला. दुसऱ्या कोणत्या भाषेत हे सांगायचं, त्याला येत नव्हतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," तो म्हणाला. मैदान खुशीत गप्प झालं. "चंदन यांना कामठीच्या गाडीत बसवण्याची सूचना याच भोंग्यावरून, याच कंट्रोलरने दिली होती. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ईश्वरदासजींनी फक्त तिकीट काढले. तसेच मी गुरुवारी त्यांच्या घरी गेलो होतो, सांबारवडी खाल्ली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे."

पोरांनीही खेळ थांबवला. मग चंद्रभाननं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "किती साड्या दिल्या गा त्यानं तुले?" आणि लोक हसले. धम्मानंद नाही नाही म्हणत राहिला, पण खरं बोललेल्या माणसाचं कोण ऐकतो. शपथेची आठवण कोणीतरी काढली. काटोलच्या बाजूनं एकानं हाळी दिली, "कंट्रोलर हटाव," आणि ती उमरेडच्या गोलाला वळसा घालून मैदानभर फिरली.

धम्मानंदनं आयुष्यभर घोषणा दिल्या होत्या, कधी अंगावर घेतल्या नव्हत्या. आपल्याच लोकांच्या तोंडून आपलं नाव असं ऐकताना छातीत नेमकं कुठं लागतं, ते त्याला आज कळलं, आणि त्यानं आधारासाठी मैदानावरचा एकच ओळखीचा चेहरा शोधला. हे ज्यानं नऊ वर्षं सोसलं, त्याला तरी कळेल.

ईश्वरदासजी उठून उभे राहिले होते. टोपी काढलेली. राग कंट्रोलरकडे वळताच आजूबाजूच्या पोरांनी त्यांना आपल्या ओळीत ओढून घेतलं होतं, एकानं खांद्यावर हातही टाकला होता. या मैदानावर त्यांनी नऊ वर्षं काढली होती, पण त्यांना इथं कोणाबरोबर ओरडता आलं नव्हतं, कारण ओरडणं त्यांच्याचसाठी असायचं. आज त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मूठ वर केली आणि लहान पोरासारख्या उजळलेल्या तोंडानं, इतरांच्या अर्धा ताल मागून, जोरात म्हटलं, "कंट्रोलर हटाव."

इतकी वर्षं धम्मानंदनं या माणसाला शिव्या दिल्या, त्या सवयीनं आणि टाळ्यांसाठी. आज पहिल्यांदा त्याला ईश्वरदासजींचा खरोखर, मनापासून राग आला, घरच्या माणसाचा येतो तसा.