करापोटी एक चित्र

बसच्या आगारात अडतीस वर्षं गाड्यांवर नंबर रंगवणाऱ्या माणसाला सगळे रंगारीच म्हणायचे, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. वडील भिंती रंगवायचे, हा गाड्या रंगवायचा. घराण्याची प्रगती एवढीच, की आता काम चाकांवर फिरू लागलं. चित्रं तो सुट्टीच्या दिवशी काढायचा, डब्याच्या तळाशी उरलेल्या रंगांत. निवृत्त झाल्यावर मात्र न्हाणीघराशेजारच्या चिंचोळ्या खोलीत रोजच बसू लागला. कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याने त्याची दोन चित्रं दुकानात लावली. ती विकली गेली, मग आणखी चार गेली, आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी रंगाऱ्याला चित्रांच्या कमाईवर कर भरायची वेळ आली.

सून कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला. ती म्हणाली, "बाबा, काळजी करू नका. कलावंतांसाठी सवलत आहे. कराच्या बदल्यात त्याच वर्षात काढलेलं एक चित्र द्यायचं. सरकार ते विकत नाही. वाचनालयात, दवाखान्यात लावतं."

"मग मी वीजबिलापोटी गाणं म्हणून दाखवतो," मुलगा म्हणाला.

"तुझं गाणं ऐकलं तर आहे ती वीजही तोडतील," सून म्हणाली.

रंगाऱ्याला योजना भलतीच पटली. भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं नदीचं चित्र त्याने बाहेर काढलं. त्यातल्या होड्या वल्हं मारायच्या आधीच बुडतील अशा दिसत होत्या. पण सरकारी भिंतीला काय, खिळा झाकल्याशी मतलब! चित्र गुंडाळून त्याने पाठवून दिलं आणि निर्धास्त झाला.

पंधरा दिवसांत नदी घरी परत आली. सोबतच्या छापील पत्राखाली समितीतल्या कुणीतरी शाईने लिहिलं होतं, "फ्रेमवाल्याकडे तुमची चित्रं पाहिली आहेत. हे त्या हाताचं वाटत नाही. देताना जिवावर येईल असं पाठवा. मुदत शुक्रवारपर्यंत."

रंगाऱ्याचे कान तापले. चोरी पकडली गेली होती, तीही चित्रातलं कळणाऱ्या माणसाकडून. पण त्याहून जास्त वेळ तो लिफाफ्यावरचा पत्ता बघत राहिला. त्याच्या नावाखाली छापलं होतं, 'चित्रकार'. आजवर एकाही सरकारी कागदाने त्याला असं म्हटलं नव्हतं.

जिवावर येईल असं चित्र एकच होतं. खिडकीशी बसून बायको त्याच्या सदऱ्याला बटण लावतेय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोरा दातात. याच वर्षी, तिच्या नकळत काढलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा "शी, काय हा अवतार!" म्हणाली, पण बाहेरच्या खोलीत खिळा तिनेच ठोकला. आल्यागेल्याची नजर त्या भिंतीकडे जाईपर्यंत ती चहाला उठायची नाही.

बुधवारी जेवताना रंगारी म्हणाला, "मी आपले पैसेच भरून टाकतो."

"भरता येतील बाबा," सून म्हणाली. " पण मग तुमची नोंद रंगारी अशीच राहील. चित्र स्वीकारलं तरच कलावंतांच्या यादीत नाव लागतं."

"राहू दे गं. या वयात यादीत जाऊन काय दिवे लावायचेत?"

बायको ताटं उचलत होती. "अहो, तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही. दुपारभर तो लिफाफा मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?"

"आणि ते चित्र रोज पुसतं कोण?"

"धूळ बसते म्हणून पुसते! मी काय चित्रात राहते? इथे चांगली जितीजागती आहे. देऊन टाका." मग नळ सोडता सोडता म्हणाली, "पण मी बरोबर येणार. कुणाच्या हाती देताय ते बघायचंय मला."

शुक्रवारी कर कार्यालयातल्या कारकुनाने सुतळी सोडली. चित्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"काकू, या तुम्हीच?"

"मीच. दहा वर्षांनी म्हातारी केलीय यांनी."

शेजारच्या टेबलावरची बाई फाइल तशीच उघडी टाकून आली. "आमची आई अशीच. कात्री समोर असली तरी दोरा दातानेच तोडायची," ती म्हणाली, आणि जागेवर परतायला तिने बराच वेळ घेतला. रंगारी छताच्या पंख्याकडे बघत होता. तो पंखा बंद होता.

"समितीने घेतलं, तर कुठे लावावं असं वाटतं?" कारकुनाने विचारलं.

रंगाऱ्याने तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "दवाखान्यात. बाहेरच्या बाकांसमोर. तिथे माणसांना बघायला काहीतरी लागतं हो."

आठ दिवसांनी होकार आला, पाठोपाठ यादीतला क्रमांकही. महिन्याभराने दोघं दवाखान्यात गेली, अंगात कसलंही दुखणं नसताना, आणि बाकावर जाऊन बसली. पलीकडे हाताला प्लास्टर घातलेला एक माणूस चित्राकडे एकटक बघत होता.

"चला, उठा," बायको कुजबुजली, "तो आता मला ओळखेल."

असं म्हणून तिने चष्मा थोडा खाली सरकवला आणि तिथेच बसून राहिली.