बंद जिनाचा नफा

७ नोव्हेंबर १९५८, शुक्रवार. दिवाळीआधी गाद्या उसवून आतली रुई अंगणात उन्हाला घातली होती. मदतीला शेजारीण आली होती. ती आमच्या अमरावतीच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रावर उभी राहून कापूस सारायची. मागच्या हंगामात जिन उघडलंच नाही आणि यंदाही फाटकाला कुलूप होतं. वर्षभर तिने निंदणी-वेचणीवर कसंबसं निभावलं. दुसऱ्या वर्षीही जिन बंद राहिलं तर पोराची शाळा सोडवावी लागेल, असं ती म्हणत होती.

याच जिनात माझे यजमान कारकून होते. त्यांच्या माघारी कंपनीचे थोडे भाग, म्हणजे शेअर, माझ्या नावावर आले. जिन बंद होतं त्या वर्षी मला आधीपेक्षा जास्त नफा मिळाला. ते ऐकून शेजारणीचे हात थांबले.

"आमी मशीनवर उभं राहून राहिलो तवा कमी, अन् कुलूप लावलं तवा जास्त? हे कसं काय ओ बाई?"

"अकोल्याच्या शेठजींना विचारते. आज दुपारी भागवाल्यांची सभा आहे."

या शेठजींचे भाग वऱ्हाडातल्या कितीतरी जिनांत होते. पूर्ण मालकी क्वचितच, पण शब्द सगळीकडे त्यांचाच चाले. दरवर्षी सभेआधी त्यांचा माणूस घरी यायचा, पेढ्यांचा पुडा द्यायचा आणि 'माझ्या वतीने शेठजी मत देतील' अशा कागदावर सही न्यायचा. यंदा मी पेढे घेतले, सही दिली नाही. इतर लहान भागवाल्यांनाही तेच सांगून आले.

सभा जिनाच्याच कचेरीत होती. तिथे मी ठराव मांडला, जिन या हंगामात सुरू करावं. हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले. आमचे सगळ्यांचे हात वर गेले. विरोधात शेठजी, त्यांचा पुतण्या आणि मॅनेजर, एवढेच. कोणीतरी फाटकाकडे धावलं. बाहेर थांबलेल्या शेजारणीने आणि जिनातल्या इतर कामकरी बायांनी लगेच गूळ वाटला. आदल्याच वर्षी निवडणूक झाली होती. ज्याच्या बाजूला माणसं जास्त तो जिंकला, एवढंच आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेठजी शांतपणे म्हणाले, "आता भागांवर मोजा."

एका भागाला एक मत, आणि निम्म्याहून जास्त भाग शेठजींच्या बाजूला. मोजणीला वेळ लागला नाही. ठराव पडला.

मी उभी राहून विचारलं, "बंद जिनाचा नफा येतो कुठून?"

"बाई, कापूस तेवढाच, जिनं जास्त. सगळी चालवली तर सगळी बुडतील. म्हणून थोडी चालवायची, बाकीची बंद ठेवायची, सरकी काढायचा भाव एक ठरवायचा आणि मिळकत वाटून घ्यायची. तुमच्याच भल्याचं करून राहिलो मी."

"आणि फाटकावरच्या बायांच्या?"

"त्या भागवाल्या नाहीत," ते म्हणाले. आवाजात कुठेही दुष्टपणा नव्हता.

माणूस वाईट नव्हता. साधा राहायचा, अदबीने बोलायचा. त्यांचा हिशेबही चूक नव्हता, मी घरी येऊन करून पाहिला. जिन चालवून कमावणारे मी पुष्कळ पाहिले होते. न चालवता कमावणारे हे पहिले. अमरावतीतलं कोणतं धुराडं पेटायचं ते हे अकोल्यात गादीवर बसून ठरवत, आणि त्यांच्या धोतराला कधी रुईचा तंतू लागलेला दिसला नाही. पुढे मोठमोठ्या कंपन्याही असंच आपसांत ठरवून भाव बांधतात असं वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही.

बाहेर गूळ संपला होता. शेजारणीने विचारलं, "मंग पयले हात कायले वर कराले लावले?"

"तशी रीत आहे."

"इलेक्शनात शेठजीले बी एकच मत असते नं?"

"एकच."

"मंग तिथंच बरं," ती म्हणाली आणि पदर झटकून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणि आणखी चार बायांना घेऊन मी बडनेऱ्याला गेले. तिथलं जिन शेठजींनी चालू ठेवलं होतं. मुकादम म्हणाला, "जागा नाही."

"मी शेठजींच्या कंपनीची भागवाली आहे."

तो जरा सरळ उभा राहिला. "किती भाग?"

"आहेत."

त्याने शेजारणीला आणि एकीला आत घेतलं. उरलेल्या तिघींना घेऊन मी पुढच्या जिनाच्या फाटकाकडे निघाले.